सदरहू नोटीस मागे घेता येत नाही

आपल्याला बघून लोक घाबरतात, असा वकीलसाहेबांचा समज होता. काळा कोट, जाड भिंगांचा चष्मा आणि "बघून घेतो" म्हणायची एक खास पद्धत, एवढ्या भांडवलावर त्यांनी बरीच वर्षं काढली होती. खरं सांगायचं तर त्या गल्लीत त्यांच्याइतकं भित्रं माणूस दुसरं नव्हतं. लिफ्टमध्ये शिरण्याआधी ते लिफ्टच्या तपासणीचा दाखला वाचत. औषधाच्या खोक्यात बारीक अक्षरांची एक घडी येते ना, ती उलगडून वाचणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. वकीलसाहेब ती वाचत, आणि मग औषध घेत नसत. भीती हाच त्यांचा धंदा होता म्हणा ना. समोरच्याला काय काय होऊ शकतं ते सांगायचं, आणि ते होऊ नये म्हणून चार पानं लिहून द्यायची.

ही चार पानं ते लिहीत कशी, तर जुनी काढून. भाडेकरार करायला आलेल्या माणसासाठी आधीच्या माणसाचा करार उघडायचा, नाव बदलायचं, पत्ता बदलायचा, खाली सही-शिक्का, झालं काम. पण एकदा एका दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या करारात आधीच्या भाडेकरूची पिठाची गिरणी राहून गेली. बाईंनी फोन करून शांतपणे विचारलं, "म्हणजे मी संध्याकाळनंतर दळण बंद ठेवायचं का?" हा घाव वर्मी बसला. वकीलसाहेब दोन दिवस जेवताना बोलले नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी जाहीर केलं, की आता सगळं साइटवर. अशिलाने घरबसल्या प्रश्नांची उत्तरं द्यायची, की तयार दस्तऐवज बाहेर. भाडेकरार, मृत्युपत्र, हमीपत्र. आणि नोटीस असेल तर ती आपोआप समोरच्याच्या मेलवर जायची.

"कोण करणार हे?" बायकोने विचारलं. ती पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत मोठ्या हुद्द्यावर होती, आणि कुठल्याही गोष्टीत गाळ किती आहे हे तिला लगेच कळायचं.

"तुझा भाऊ."

"अगं बाई!" एवढंच म्हणून ती आत गेली.

मेहुणा संगणकात होता. संगणकात म्हणजे नक्की कुठे, हे सासुरवाडीत कुणालाच सांगता येत नसे, पण तो रविवारी येऊन टेबलाशी बसू लागला. तिथून पुढे वकीलसाहेबांच्या छळाला सुरुवात झाली. साइटला नाव हवं होतं. जे नाव सुचेल ते आधीच कुणीतरी घेऊन ठेवलेलं. मग सर्व्हर भाड्याने घ्यायचा, तर त्या कंपनीने कळवलं की अर्जदार तो स्वतःच आहे असं दुसऱ्या कुणीतरी प्रमाणित करून द्यावं. सगळ्या गावाला 'मी यांना ओळखतो' म्हणून शिक्का मारून देणारा हा माणूस, आणि आता याला ओळखणारं कोण? शेवटी समोरच्या इमारतीतल्या एका वकिलाकडे जावं लागलं, ज्याच्याशी यांचा गेली कित्येक वर्षं अबोला होता. त्याने सही दिली, पण चष्मा पुसून पुसून, "चेहरा ओळखीचा वाटतो खरा," असं म्हणत दिली.

वरच्या मजल्यावरचे काका रोज सल्ला द्यायला उतरत. ते निवृत्त अभियंते. आयुष्यभर पूल बांधले, त्यामुळे जगातली कुठलीही गोष्ट कोसळणारच हे ते गृहीत धरूनच चालायचे. "भार किती घेणार?" त्यांनी विचारलं.

"कसला भार?"

"माणसांचा हो. एकदम हजार माणसं चढली तुमच्या साइटवर, तर? आम्ही पुलावर आधी वाळूची पोती ठेवून बघायचो. तुम्ही काय ठेवणार?"

हे वकीलसाहेबांच्या मनाने घेतलं. पोती ठेवल्याशिवाय पूल उघडायचा नाही. मेहुणा म्हणाला, "भाऊजी, सोप्पं आहे. खोटी नावं भरून चाळीसेक कागद करून बघा. अबक, कखग, काहीही टाका."

"काहीही?" वकीलसाहेबांनी चष्मा काढला. "आणि अबक नावाचा माणूस निघाला तर? त्याच्यावर मी फसवणुकीचा आरोप केलेला, तोही लेखी! बदनामीचा दावा ठोकेल तो. अबक नावाचा माणूस जगात कुठेच नाही, अशी हमी देतोस? लेखी देतोस?"

मेहुण्याने हमी दिली नाही. तेव्हा वकीलसाहेबांनी कायद्याच्या दृष्टीने अगदी बिनधोक मार्ग काढला. त्यांनी सगळीकडे घरच्यांची आणि शेजाऱ्यांची नावं, मेलच्या पत्त्यांसकट, भरली. आपली माणसं काही आपल्यावर दावा लावत नाहीत, हा त्यामागचा विचार. ज्या माणसाने दुनियेचे भाऊबंदकीचे खटले चालवले त्याने असा विचार करावा, याला काय म्हणायचं? पण भीती माणसाला कुठे नेऊन बसवेल सांगता येत नाही.

मृत्युपत्राच्या चाचणीत त्यांनी स्वतःलाच मारलं. अतिक्रमणाच्या नोटिशीत वरचे काका, कारण त्यांच्या कुंड्यांचं पाणी खरोखरच खाली गळायचं. उधारीच्या नोटिशीत मेहुणा. आणि घटस्फोटाच्या नोटिशीत, अर्थातच, बायको.

आता या घटस्फोटाच्या पानावर एक चौकट होती, 'कारणे' नावाची. मेहुण्याने ती अशी करून ठेवली होती, की चांगला परिच्छेदभर मजकूर लिहिल्याशिवाय पुढचं पान उघडतच नसे. वकीलसाहेब विचार करत बसले. मेहुणा शेजारी बसून संत्रं सोलत होता. बायको आतल्या खोलीत काहीतरी वाचत होती. त्यांनी लिहिलं: 'सदरहू अशील विनोद सांगत असता तुम्ही त्याचा शेवट आधीच सांगून टाकता. सदरहू अशिलाचा चष्मा कोठे आहे हे ठाऊक असूनही तुम्ही त्यांस तो बराच वेळ शोधू देता. सदरहू अशिलाच्या घोरण्याबाबत तुम्ही तिऱ्हाइतांसमक्ष नकला केलेल्या आहेत.' तरी चौकट भरेना. बोटं कळफलकावर तशीच राहिली, आणि मग त्यांनी कुणी बघत नाही असं बघून आणखी एक वाक्य लिहिलं: 'घरात दोघंच असतो, आणि तरी मला एकटं वाटतं.' पुढचं पान उघडलं. वकीलसाहेबांनी घाईघाईने चाचणी पूर्ण झाल्याची खूण केली, आणि उगाचच जोरात खाकरले.

चाचणीत कागद कुठेही जात नव्हते. मेहुण्याने पाठवण्याची कळ बंद ठेवली होती. कागद आत साठत होते, एवढंच. "आणि पाठवलेली नोटीस मागे घ्यायचं एक बटण ठेवू का?" मेहुण्याने विचारलं होतं.

"नोटीस मागे घ्यायची?" वकीलसाहेब कडाडले. "मी उभ्या हयातीत नोटीस मागे घेतलेली नाही! खाली ओळ टाक. सदरहू नोटीस मागे घेता येत नाही."

मेहुण्याने ओळ टाकली.

साइट सोमवारी सकाळी जगासाठी खुली झाली. मेहुण्याने मान म्हणून शेवटचं बटण वकीलसाहेबांना दाबायला दिलं. त्यांनी कोट घालून ते दाबलं. पडद्यावर हिरवी खूण आली, मेहुणा आपल्या कामावर गेला, आणि वकीलसाहेब खुर्चीत मागे रेलून पहिल्या अशिलाची वाट बघत बसले. असं वाटलं, की आपण उगाच घाबरत होतो.

दारावर थाप पडली. वरचे काका होते. हातात मेलवरून छापून घेतलेला कागद.

"मी काय केलं हो तुमचं?" काका म्हणाले. आवाज अगदी खोल गेलेला. "कुंड्यांचं पाणी गळतं, तर येऊन सांगायचं. अतिक्रमण? दिवाणी आणि फौजदारी? या वयात मी कोर्टाची पायरी चढू?"

वकीलसाहेबांनी कागद घेतला. त्यांच्याच शिक्क्याची, त्यांच्याच भाषेतली, मोठी सुरेख नोटीस होती. ती वाचता वाचता त्यांना उलगडा झाला. सकाळी बटण दाबून पाठवण्याची कळ उघडली, तसं आत साठलेलं सगळं बाहेर गेलं होतं. काकांना गेलं, म्हणजे मेहुण्याला गेलं. आणि मेहुण्याला गेलं म्हणजे...

"काका, बसा, पाणी घ्या," ते कसेबसे म्हणाले. "तुमच्यावर काही नाही. तुम्ही फक्त वाळूचं पोतं आहात."

हे ऐकून काका जास्तच घाबरले.

वकीलसाहेबांनी मेहुण्याला फोन लावला. तो उधारीची नोटीस वाचून आधीच खवळलेला. "भाऊजी, मी तुमचे पैसे कधी—"

"ते सोड रे! ताईची नोटीस!"

पलीकडचा राग एकदम उतरला. मग बारीक आवाजात, "तुम्ही ताईचं नाव घातलंत?"

"मग काय दुसऱ्या कुणाच्या बायकोचं घालू?"

"साइट बंद करतो मी आत्ता. पण गेलेली मेल परत येत नाही हो. मी बटण ठेवू म्हणत होतो—"

"बटणाचं नाव काढू नकोस."

"भाऊजी," मेहुणा म्हणाला, "मी यात नव्हतो हं. ताईला तसं सांगा. नक्की सांगा." आणि त्याने फोन ठेवला. म्हणजे तोही घाबरला होता. सख्खा भाऊ घाबरतो तिथे नवऱ्याची काय कथा!

खरी धास्ती वेगळीच होती. चष्मा, विनोद, घोरणं, यावर ती फार तर चार दिवस टोमणे मारेल. टोमण्यांची वकीलसाहेबांना सवय होती. पण ते शेवटचं वाक्य? ते तिने वाचलं, की झालं. ती विचारणार, "हे खरं का?" नाही म्हणावं तर ती चेहऱ्यावरून ओळखणार. हो म्हणावं, तर तिच्याबरोबर काढलेली एवढी वर्षं एका ओळीत मोडीत काढल्यासारखं. आणि ती जर म्हणाली, "ठीक आहे, मग वेगळं राहू"? तिचा स्वभाव असा, की एकदा निकाल दिला की अपील नाही.  

प्रयोगशाळेत काम करताना मोबाइल कपाटात ठेवावा लागे, तेव्हा त्यांनी तिथल्या कार्यालयात फोन लावला. कारकुनाने उचलला. "मॅडम नमुने तपासतायत. निरोप काय देऊ?"

वकीलसाहेबांनी क्षणभर विचार केला. भीतीच्या भरात माणसाची अक्कल गहाण पडते, त्याचा हा ढळढळीत पुरावा. ते म्हणाले, "सांगा, की... आज मेल उघडू नका."

कारकुनाने फोन खाली धरला आणि सगळ्या हॉलभर ऐकू जाईल असा ओरडला, "मॅडम, तुमचे साहेब म्हणतायत, मेल उघडू नका!"

लांबून तिचा आवाज आला, "हातातलं झालं की बघते."

वकीलसाहेबांनी फोन टाकला, काकांना तसंच खुर्चीत बसलेलं सोडलं आणि धावत सुटले. रिक्षा मिळाली, पण चौकात अडकली. रिक्षावाल्याने त्यांच्या कोटाकडे बघून विचारलं, "केस आहे का साहेब?" "आहे," वकीलसाहेब म्हणाले. "जिंकाल?"  वकीलसाहेब रिक्षातून उतरले आणि कोट सावरत उरलेला रस्ता पायी पळाले. पळणारा वकील बघून लोक बाजूला होत होते, पण त्याचंही आज समाधान वाटलं नाही.

प्रयोगशाळेच्या फाटकावर पहारेकरी बसला होता. "पास?"

"माझी बायको आत आहे."

"मग त्यांची सही आणा पासवर."

"अहो, सही घ्यायला आत जावं लागेल ना!"

"पास असेल तर जा की." पहारेकऱ्याला यात काहीच अडचण दिसत नव्हती. वकीलसाहेबांनी स्वतःच्या आयुष्यात लोकांना असंच फिरवलं होतं, पण आज त्यांना ते मनातून दुष्टपणाचं वाटलं. तेवढ्यात एक बाई हातात बाटली घेऊन आली आणि सरळ आत गेली.

"या कशा गेल्या?"

"पाण्याचा नमुना आहे. नमुन्याला पास लागत नाही."

वकीलसाहेब मागे वळले. कोपऱ्यावरच्या दुकानातून त्यांनी पाण्याची बाटली विकत घेतली, घाईघाईने तिचा कागद सोलून काढला, आणि ती छातीशी धरून परत आले. पहारेकऱ्याने उठून सलाम ठोकला.

आत नमुने घेण्याची खिडकी होती, आणि खिडकीपलीकडे काचेची मोठी भिंत. भिंतीआड सगळा हॉल दिसत होता. ती तिथेच होती, पांढऱ्या कोटात, केस टोपीत खोचलेले. हातमोजे काढून ती संगणकाशी बसली. तिला पडद्यावर वाचलेलं आवडायचं नाही, डोळे दुखतात म्हणून ती सगळं छापून घ्यायची. वकीलसाहेबांना हे माहीत होतं. त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं. हॉलच्या मधोमध असलेल्या छपाईयंत्राने एक कागद काढला. मग दुसरा.

"पाण्यात दोष काय आहे?" खिडकीतल्या माणसाने विचारलं.

"अं?"

"वास येतो, रंग बदललाय, पोट बिघडलं? काहीतरी सांगा. कुणाला त्रास झाला?"

"मला," वकीलसाहेब म्हणाले. त्यांची नजर काचेवर खिळली होती.

तिने कागद उचलले. उभ्या उभ्याच वाचू लागली. पहिल्या पानावर तिच्या भुवया वर गेल्या. दुसऱ्या पानावर तिच्या तोंडाचा एक कोपरा हलला. हे विनोदाचं असणार, किंवा घोरण्याचं. आणि मग ती थांबली. कारकून तिला काहीतरी विचारत होता, तिचं लक्ष नव्हतं. वकीलसाहेबांनी काचेवर टकटक केली. ती काच जाड होती. तिने पान पुन्हा वरून वाचलं, दोन्ही कागदांची नीट घडी घातली, ती कोटाच्या खिशात ठेवली आणि पुन्हा हातमोजे चढवले. एकदाही तिने मान वर केली नाही.  वकीलसाहेबांनी आजवर पुष्कळ निकाल ऐकले होते, पण निकाल खिशात घालून कामाला लागणारा न्यायाधीश त्यांनी पाहिला नव्हता.

"मागच्या आवारात बाक आहे, तिथे बसा," खिडकीतला माणूस म्हणाला. "तुमचा चेहरा बरा दिसत नाहीये. पाणी प्यायलात का हे?"

जेवणाच्या सुट्टीत ती मागच्या आवारात आली. हातात डबा. तिने वकीलसाहेबांना पाहिलं, आणि तिला नवल वाटलं नाही, म्हणजे मान वर न करताही तिने काचेतून पाहिलं होतंच. ती बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली.

"अगं, ती चाचणी होती," वकीलसाहेब एका दमात बोलू लागले. "सगळ्यांना गेली. काकांनाही गेली. तुझ्या भावाला विचार हवं तर. अबक नाव घातलं असतं, पण बदनामीचा प्रश्न होता. कायद्याने ती नोटीसच नाही, कारण मुळात हेतू नाही, आणि हेतू नसेल तर—"

"कळलं मला," ती म्हणाली. "तुम्हाला घटस्फोट हवा असता, तर तुम्ही आधी त्याचे धोके वाचत बसला असता. मी घाबरले नाही त्याला."

वकीलसाहेबांनी सुटकेचा श्वास घेतला, पण तो अर्धाच आत गेला, कारण तिने खिशातून घडी काढली होती.

"हे शेवटचं?"

"ते... ती चौकट भरत नव्हती. अक्षरं कमी पडत होती, म्हणून आपलं काहीतरी."

"खोटं बोलू नका."

"शपथेवर सांगतो."

"अहो, चौकटच भरायची असती, तर तुम्ही आणखी पाच 'सदरहू' घातले असतेत," ती म्हणाली. "अख्ख्या नोटिशीत हे एकच वाक्य माणसासारखं आहे."

 वकीलसाहेबांनी बाटली एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.  समोरच्या भिंतीकडे बघत ते म्हणाले, "खरं आहे. कधी कधी वाटतं. रागावू नकोस."

 डब्याचं झाकण तिने उघडलं आणि तसंच परत लावलं. आता निकाल येणार, असं वाटून वकीलसाहेबांनी डोळे मिटून घेतले.

"मला वाटत होतं," ती म्हणाली, "की हे मला एकटीलाच वाटतं."

त्यांनी डोळे उघडले. ती रडत नव्हती, पण नाक लाल झालं होतं.

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही का नाही बोललात? सर्व्हर भाड्याने घेऊन सांगितलंत!"

याला हसावं की काय करावं त्यांना कळेना. तिलाही कळलं नसावं, कारण ती हसली आणि त्याच वेळी तिने बाहीने डोळे पुसले.

"उत्तर देण्याची मुदत लिहिली आहे खाली," ती म्हणाली.

"अगं, तू उत्तर द्यायची काही गरज नाही."

"मला द्यायचंय. पण लिहून नाही. आणि मधे कलमं काढायची नाहीत." ती सरकून त्यांच्या जवळ आली, डबा दोघांच्या मधे ठेवला आणि बोलू लागली. वकीलसाहेबांची भीती अजून पुरती गेली नव्हती. पण त्यांनी कोट काढून मांडीवर घेतला, आणि ती बोलत होती तोवर एकदाही मधे तोंड घातलं नाही.